तेल, तूप आणि रक्तातील कोलेस्टेरॉल



सरळ उसाची मोळी घट्ट बसते. लोळलेल्या, वाकड्या उसाच्या मोळीत पोकळी राहते. तेलातुपाचेही तसेच आहे. त्यांच्या रेणूत कार्बनच्या तीन लांब साखळ्या असतात. तुपात सरळ साखळ्या जास्त, म्हणून ते थंडीत थिजते. शेंगदाणा, करडईच्या तेलातील साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, म्हणून ते पातळ राहते.

वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन सोडतात. ही क्रिया अर्धवट राहिली, की काही साखळ्यांचा दुहेरी बंध राहतो, पण बाक जातो. हेच ट्रान्स फॅट.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. बरेचसे आपले शरीरच तयार करते. रक्तात ते 'एलडीएल' कणांतून फिरते आणि यकृताच्या पेशी ते कण उचलून घेतात. हे उघड करणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. सरळ साखळ्यांची चरबी जास्त झाली, की ही उचल मंदावते. गव्हाण थांबल्यावर यार्डात ट्रॉल्या तुंबाव्यात, तसे एलडीएल साचते आणि धमनीच्या अस्तरात शिरते. ट्रान्स फॅट तर चांगले 'एचडीएल'ही घटवते. म्हणूनच आपल्याकडे २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के आहे.

तेव्हा एवढे करा. वनस्पती तूप टाळा, साजूक तूप बेताने घ्या, तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवू नका. 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापलेल्या डब्याला जादा पैसे मोजू नका. वनस्पतीजन्य तेलात ते जवळजवळ नसतेच. लागणीपूर्वी माती तपासतो, तसे चाळिशीनंतर रक्तही तपासून घ्या.

— ऊस विकास अधिकारी