आपत्तीनंतरचे बालमन : चेन्नईच्या किनाऱ्यावरून

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. मरीना किनाऱ्यावर सकाळी फिरावयास आलेली माणसे आणि वाळूत क्रिकेट खेळणारी मुले त्सुनामीच्या लाटेत सापडली. श्रीनिवासपुरमसारख्या कोळीवस्त्यांत घरेच पाण्याखाली गेली. तामिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य नागपट्टिनम जिल्ह्यातील होती. मृतांची गणना झाली. परंतु ज्यांच्या घरचे कोणीच गेले नाही, तरी ज्यांचा खेळगडी वा शेजारीण गेली, अशा मुलांच्या शोकाची नोंद कोणत्याही गणनेत होत नाही.

मृत्यू म्हणजे काय, हे मूल टप्प्याटप्प्याने जाणते. बुडापेस्टमधील मुलांविषयीचे मारिया नागी यांचे संशोधन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालील मूल मृत्यूस निद्रा किंवा प्रवास समजते, आणि मृत्यू अटळ आहे ही जाणीव साधारणतः नवव्या वर्षाच्या सुमारास येते, असे त्यांना आढळले. वयाच्या या सीमारेषा काटेकोर मानू नयेत. आपत्तीत सापडलेले मूल पुष्कळदा वयाच्या पुढे गेलेले असते. तथापि मोठ्यांच्या भाषेने कोणता घोटाळा होतो, हे त्यावरून उमगते. मराठीत आपण ‘देवाघरी गेला’ म्हणतो. तमिळ घरांतही ‘सामीकिट्ट पोयिट्टार’ म्हणतात. गेला तो परत केव्हा येणार, हा लहान मुलाचा प्रश्न मग सरळच आहे. ‘झोपला’ असे सांगितलेले मूल रात्री निजावयास भिते. म्हणून ‘तो मेला, त्याचे शरीर आता चालत नाही, तो परत येणार नाही’ असे सांगणे कठोर वाटले तरी अधिक दयेचे आहे.

किनाऱ्यावर याहून बिकट पेच होता. कोळी समाज समुद्रास ‘कडलम्मा’, म्हणजे समुद्रमाता, म्हणतो. आईनेच मारले, हे मुलाने कसे मानावे? ‘माता रागावली’ हे उत्तर तर सर्वांत घातक, कारण आपल्याच कोणत्या अपराधाने ती रागावली, याचा शोध मूल मनात घेऊ लागते. समुद्रतळाशी भूकंप झाला, पाणी उसळले, यात कोणाचाही दोष नव्हता, एवढे मुलास सांगावे. तेही एकदाच नव्हे, तो विचारील तितक्या वेळा. पुन्हा पुन्हा विचारणे हा हट्ट नव्हे. न पचलेली गोष्ट मूल अशीच पचवीत असते. लाटेचा खेळ मांडणे, लाटेचीच चित्रे काढणे, हेही त्यातलेच.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने या आपत्तीनंतर वस्तीतील कार्यकर्त्यांनाच मानसिक आधाराचे शिक्षण दिले. मला हाच मार्ग योग्य वाटतो. मुलास परक्या तज्ज्ञापेक्षा ओळखीचा चेहरा, ठरलेली जेवणाची वेळ आणि शाळेची घंटा यांचा आधार अधिक. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ मध्ये, भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. त्यांच्या शिक्षणाची सोय झाली हे खरे; परंतु गाव सुटण्याचा शोक हा वेगळाच शोक असतो.

वर्गात रिकाम्या जागेविषयी शिक्षकाने मौन पाळू नये. गेलेल्या मुलाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी वर्गाला सांगू द्याव्यात. एखादे मूल रडेल, दुसरे लगेच खेळावयास धावेल. खेळणाऱ्यास निर्दय ठरवू नये, कारण मुलांचा शोक सलग नसतो. त्या बाकावर दुसऱ्या कोणी केव्हा बसावे, हे मात्र वर्गालाच ठरवू द्यावे.