लाकडी मुठीचे धनुष्य: रायझर कसा घडवतात

गेल्या अंकातील छायाचित्रात माहूरच्या आपल्या वसतिगृहातील मुलांच्या हाती लाकडी धनुष्ये पाहून बऱ्याच मंडळींनी विचारणा केली. काहींना ती कशी बनवतात हे जाणून घ्यायचे होते. एका ज्येष्ठ बंधूंनी मात्र प्रेमाने पण स्पष्टपणे लिहिले, की सेवाकार्यात शस्त्र कशाला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून आधी धनुष्याविषयीच लिहितो.

आपल्याकडे येणारी मुले बहुतेक गोंड, कोलाम आणि आंध समाजाची. गोंडी बोलणाऱ्या घरात धनुष्याला ‘विल’ म्हणतात. आदिलाबादकडच्या तेलुगूतला ‘विल्लु’ त्याचाच भाऊ. आजोबांच्या पिढीने बांबूचे धनुष्य वापरलेले असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, ती योग्यच, पण हाताची नजर काही एका कायद्याने जात नाही. पोडावरून आलेली दहा वर्षांची मुलगी चिंचेचा आकडा गलोलीने पाडते, तेव्हा ते दिसते.

या नजरेला आज खेळात वाट आहे. भारतात ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार बांबूच्या धनुष्यावर खेळला जातो. पण पुढची वाट, म्हणजे ऑलिंपिकची, ‘रिकर्व्ह’ धनुष्याची आहे. त्याची टोके पुढे वळलेली असतात आणि बाण ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या फलकावर मारायचा असतो. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. तो याच धनुष्याने टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. रांचीजवळची दीपिका कुमारी लहानपणी दगडाने आंब्यांवर नेम धरायची, घरच्या बांबूच्या धनुष्याने सराव करायची आणि पुढे रिकर्व्हवर जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. दोघांनाही मध्ये कोणीतरी योग्य धनुष्य हाती दिले, ही गोष्ट कौतुकाच्या बातम्यांत राहून जाते.

आपली एक मुलगी अशाच एका निवड चाचणीला बांबूचे धनुष्य घेऊन गेली होती. या गटात हे चालत नाही, असे सांगून तिला बाजूला बसवले. नियमाप्रमाणे ते बरोबर असेल. तिने दिवसभर इतरांचे बाण मोजले आणि परतताना बसमध्ये मला विचारले, “सर, त्या धनुष्याचा मधला भाग लाकडाचा नसतो का?”

असतो. ‘टेकडाउन’ धनुष्याचे तीन भाग होतात: मध्ये मूठ, जिला रायझर म्हणतात, आणि वर-खाली बोल्टने बसणारी दोन पाती. इंग्रजीत पात्याला ‘लिंब’ म्हणतात हे कळल्यावर मुले इतकी हसली, की आम्ही पाती हाच शब्द ठेवला. पाती घरी करायच्या भानगडीत पडू नये. लाकूड किंवा बांबूचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे थर असे ते काम आहे, आणि त्यात चूक झाली तर पाते तोंडाजवळ फुटते. पाती विकतच घ्यावीत. महाग पडतो तो धातूचा चांगला रायझर. त्याच्या एकट्याच्या किमतीत दोन-तीन मुलांची पाती आणि बाण येतात. आणि नेमका तोच भाग गावचा सुतार घडवू शकतो.

पाती आधी आणावीत, लाकडाला मग हात लावावा. पात्याच्या बुडाची रुंदी, बोल्टचे भोक आणि खुंटीची जागा हातात असल्याशिवाय माप काढता येत नाही.

लाकूड जंगलातून आणायचे नाही, हा आमचा पक्का नियम. किनवट-माहूरचे सागाचे रान डोळ्यांसमोर असले तरी एक फांदीही नाही. मोडलेल्या बैलगाडीचे तिवसाचे किंवा धावड्याचे लाकूड, पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटी, नाहीतर वखारीतून पावतीसह घेतलेला शिसवाचा तुकडा, एवढ्यात आमचे भागते. जुन्या लाकडाचा फायदा असा, की ते वाळलेले असते. नवे असेल तर टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत ठेवावे आणि दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करावे. वजन उतरायचे थांबले, की लाकूड तयार. गाठ, चीर किंवा खिळ्याचे भोक असलेला तुकडा बाद. रेघ सरळ आहे का हे पाहायला कडेची एक पातळ कपची पटाशीने फोडावी. ती सरळ फाटली तर ठीक. तिरकी पळाली तर तो तुकडा चुलीत.

आमचे सुतारमामा एकसंध ओंडका वापरत नाहीत. दहा-दहा मिलिमीटरच्या पाच पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या चिकटवून पाच सेंटिमीटर जाडीचा, तीन इंच खोलीचा आणि बावीस इंच लांबीचा ठोकळा करतात. एका पट्टीची रेघ दुसरीच्या उलट ठेवली, की एकीतली चीर शेजारणीत जात नाही. डिंक म्हणून दोन नळ्यांचा, सावकाश सुकणारा अ‍ॅराल्डाइट. सागात तेल असते, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यायचे. शिकंजे अगदी आवळायचे नाहीत, नाहीतर सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. मग चोवीस तास हात लावायचा नाही. मुलांसाठी हाच भाग सगळ्यात अवघड!

आता आकार. पुठ्ठ्याचा साचा करून ठोकळ्यावर रेखाटतात. मुठीच्या खळग्याच्या सव्वा ते दीड इंच वर बाण टेकायची पायरी येते आणि तिच्यावर ‘खिडकी’, म्हणजे बाण आणि नजर जाण्यासाठी कापलेली मोकळी जागा. बांबूच्या धनुष्यात बाणाला दांड्याला वळसा घालून जावे लागते. इथे तो जवळजवळ मधून सुटतो, सगळा फरक इथेच आहे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी खिडकी डावीकडून कापतात, मध्यरेषेच्या साधारण तीन मिलिमीटर पलीकडपर्यंत. म्हणजे पाचांपैकी उजवीकडच्या दोनच पट्ट्या पूर्ण उरतात आणि तिसरीचा एक पापुद्रा. रायझर मोडला तर इथेच मोडतो. म्हणून सगळ्यात चिवट पट्ट्या उजवीकडे लावायच्या आणि खिडकीजवळ पुढून-मागून खोली दोन इंचांपेक्षा कमी होऊ द्यायची नाही. नाजूक, सुंदर रायझर पाहून मोह होतो. तो आवरावा. कापण्याआधी मुलाचा कोणता डोळा जोरकस आहे हेही तपासावे, कारण काहींना उलट्या बाजूची खिडकी लागते.

पाती बसायच्या दोन बैठकी रंध्याने आणि कानशीने सपाट करायच्या. त्यांचा उतार वर-खाली सारखा हवा. आम्ही तो चांगल्या चालत्या धनुष्यावरून उतरवून घेतला. इथे घाई नको. बैठक तीन इंचांची आणि पात्याचे टोक तिथून एकवीस इंचांवर, म्हणजे बैठकीवर एक मिलिमीटर तिरके झाले तर टोक सात मिलिमीटर बाजूला जाते. पाती लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून पाहावा. तो मुठीच्या मध्यरेषेवरून गेला पाहिजे.

बोल्टचे भोक हाताच्या गिरमिटाने पाडू नये. वर्कशॉपमधल्या उभ्या ड्रिलवर पाडून घ्यावे. बोल्ट समोरून, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूने आत जातो, पण कडीचा नट नेमबाजाकडच्या बाजूने बसवायचा. दोरी ओढली, की पात्याचे बूड बोल्टला पुढे खेचते. नट समोरून नुसता चिकटवलेला असेल तर तो एक दिवस उपटून येईल. मागून बसवलेला नट जितका ओढला जाईल तितका लाकडात रुततो.

मूठ शेवटी, आणि ज्याचे धनुष्य त्याच्या हातात देऊन. थोडे कानशीने, मग पॉलिश पेपरने, पुन्हा हातात. शिसवाची धूळ नाकाला झोंबते, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच. वरून जवसाच्या तेलाचे हात.

पहिली ओढ कोणाच्याही हाताने नाही. धनुष्य झाडाला बांधून, लांब दोराने आणि सामान मोजायच्या स्प्रिंग काट्याने ते २८ इंचांपर्यंत हळूहळू ओढतात, तीस-चाळीस वेळा. मग खिडकीचे कोपरे आणि बोल्टची जागा भिंगाखाली पाहायची. केसाएवढी रेघ दिसली तरी रायझर रद्द. त्यावर डिंक भरून चालवायचे नाही. बाण न लावता ओढलेली दोरी सोडणे हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा आहे, कारण बाणात जायची सगळी ताकद मग लाकडात आणि पात्यात शिरते.

बाणांना बोथट, फलकाचीच टोके. धनुष्ये कुलपात. सगळे एका रेषेवर, आणि शिट्टी झाल्याशिवाय बाण आणायला कोणी पुढे जात नाही.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात घरातून काढून दिलेला, रानात तहानेने मरायला टेकलेला इश्माएल वाचतो आणि मोठेपणी तिरंदाज होतो. देव त्याच्याबरोबर असल्याचे सांगून लगेच त्याच्या धनुष्याचा उल्लेख येतो, हे मी शिकत असताना कधी कोणी दाखवले नव्हते. ज्या मुलांना आपण वह्या आणि चादरी देतो, त्यांच्याकडे आपल्याकडे नसलेली एक विद्या आधीच आहे. ती टाकून या, असे सांगायचा मला अधिकार वाटत नाही. एकलव्याची गोष्ट त्यांना शाळेत कळलेली असते. दोरी तीन बोटांनी ओढायची, अंगठा लावायचा नाही, हे शिकवले त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, “मग त्यानं अंगठा देऊनबी चाललं असतं की!” मला काही उत्तर सुचले नाही.

लाकडी रायझर शेवटपर्यंत पुरणार नाही, हेही सांगितले पाहिजे. तो हलका असतो. मूल वरच्या स्पर्धेत पोहोचले, की धातूचा लागेलच. पण पहिली दोन वर्षे, उभे राहणे, ओढणे आणि सोडणे अंगात मुरेपर्यंत, तो पुरेसा आहे, आणि निवडीच्या रांगेतून त्याच्यामुळे कोणी बाजूला बसवत नाही.

मदत पाठवू इच्छिणाऱ्यांना एक विनंती. मध्यंतरी एका हितचिंतकांनी मोठ्या माणसाचे ४० पौंडांचे धनुष्य पाठवले. भावना मोठी, पण १८ किलोंची ती ओढ बारा वर्षांच्या खांद्याला इजा करते. आम्हाला १४ ते २० पौंडांची, म्हणजे साधारण सहा ते नऊ किलो ओढीची, बोल्टने बसणारी पाती हवी आहेत. बुडावर २८ इंचांची ओढ लिहिलेली असते, ती पाहून घ्यावी. घेण्याआधी वसतिगृहात फोन केलात तर उत्तम.

चार रायझर तयार आहेत. पाचवा शिकंज्यात आहे. तो डाव्या हाताचा आहे, आणि बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने त्याच्या तीन पट्ट्या स्वतः रंधल्या आहेत.