शीतकपाटाचा ताप

दिवाळीच्या साफसफाईत घरातील एकही वस्तू आपल्या जागी राहत नाही. माळ्यावरची भांडी खाली येतात, पलंग हलतात आणि वर्षभर स्वयंपाकघराचा कोपरा अडवून उभा असलेला फ्रिजही त्या धामधुमीत पुढे ओढला जातो. त्याच्यामागची जळमटे निघतात, फरशी पुसली जाते आणि मग ‘जरा मागे सरकवा, तेवढीच जागा होईल’ असे म्हणून त्याला थेट भिंतीला टेकवला जातो. पुढल्या दोन दिवसांत त्याच्या पोटात बासुंदीचे पातेले, श्रीखंडाचे डबे आणि आल्यागेल्यासाठी आणून ठेवलेले दूध अशी भर पडते. तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात त्याच्या कुशीला लागतो आणि घरात एकच ओरड होते, ‘अगं बाई, हा तर चांगलाच तापलाय!’

मराठीच्या प्राध्यापकाने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. पण ज्या वस्तूला आपण शुद्ध मराठीत ‘शीतकपाट’ म्हणतो, तीच गरम लागावी हा विरोधाभास मला गप्प बसू देईना. आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून मी तो नीट समजावून घेतला. तो उलगडला म्हणजे निम्मी काळजी मिटते आणि उरलेली निम्मी योग्य जागी करता येते.

आपला मातीचा माठ आठवा. त्यातून पाझरणारे पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना माठातील उष्णता बरोबर घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. फ्रिजमध्येही हेच घडते. फरक एवढाच, की माठाचे उडालेले पाणी परत येत नाही आणि फ्रिजमधला वायू मात्र बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. फ्रिजच्या आतल्या बाजूला द्रवाची वाफ होते, तेव्हा ती अन्नातील उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर तिला दाबतो. दाबामुळे ती तापते, बाहेरच्या नळ्यांत येऊन आपली उष्णता हवेत टाकते आणि पुन्हा द्रव होते. म्हणजे बासुंदीतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, या दोहोंचा ताप फ्रिजला बाहेर टाकावाच लागतो. फ्रिजचे दार उघडून त्यापुढे बसल्याने खोली थंड का होत नाही, याचेही उत्तर हेच.

जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी असे, तीच ही उष्णता टाकण्याची जागा. आपल्या देशात गोदरेजचा पहिला फ्रिज १९५८ साली तयार झाला. त्यानंतर कित्येक वर्षे घरोघरी अशी जाळीचीच शीतकपाटे दिसत. आताच्या पुष्कळ फ्रिजमध्ये त्या नळ्या दोन्ही कुशींच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. जी ऊब पूर्वी पाठीमागे कोणाला दिसत नव्हती, ती आता हाताला लागते. दाराच्या चौकटीभोवतीही अशीच एक नळी फिरवलेली असते. पावसाळी दमट हवेत तेथे दव साचू नये म्हणून. तेव्हा ऊब ही तक्रार नव्हे, फ्रिज काम करीत असल्याची ती खूण आहे. नवा फ्रिज पहिल्यांदा सुरू करताना, बरेच अन्न एकदम ठेवल्यावर किंवा ऐन उन्हाळ्यात ती अधिक जाणवणारच.

मग काळजी कधी करावी? आमच्याच इमारतीतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. त्यांच्या फ्रिजच्या कुशींवर हात ठेववत नव्हता आणि दूध नुसतेच गारसर राहत होते. दुरुस्तीवाल्याने येऊन कुशीला हात लावला, ‘गॅस संपलाय’ म्हणाला आणि साडेतीन हजारांचा आकडा सांगून गेला. काकू माझ्याकडे आल्या त्या पैशांसाठी नव्हे. ‘सर, माझ्या इन्सुलिनचं काय हो?’ एवढेच त्यांनी विचारले. त्या फ्रिजमध्ये त्यांची महिन्याभराची औषधे होती आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस या दरम्यान राहावे लागते.

औषधे आधी आमच्या फ्रिजमध्ये हलवली. मग एक पेला पाणी काकूंच्या फ्रिजच्या मधल्या फळीवर रात्रभर ठेवून सकाळी त्यात थर्मामीटर बुडवला. पारा ११ वर. पण गॅस संपला असता, तर बाहेर टाकायला उष्णता तरी कुठून आली असती? वायू गळून गेला की कुशी सहसा तापत नाहीत, कोमट किंवा गार पडतात. शिवाय तो वायू वाहनातल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला तर कोठेतरी गळती असलीच पाहिजे आणि ती न शोधता नवा भरणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. खरा प्रकार फ्रिजभोवती उघड दिसत होता: पाठ भिंतीला, एका कुशीला धान्याची कोठी, दुसऱ्या कुशीला पिशव्यांची चळत आणि डोक्यावर खालपर्यंत लोंबणारे कव्हर. ताप बाहेर पडायला वाटच नव्हती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ती गॅसची दुरुस्ती झाली असती! फ्रिज बंद करून पुढे ओढला, पाठीची धूळ झाडली, चहूबाजूंची अडगळ हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातला पारा ५ वर होता आणि काकूंची औषधे स्वगृही परतली.

ही तपासणी कोणालाही करता येण्याजोगी आहे. पाठीमागे व दोन्ही बाजूंना चार बोटे तरी जागा असावी. नेमके माप फ्रिजबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. शेगडीची धग आणि उन्हाची तिरीप त्यावर नको. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर ढिले आहे, बाहेरची गरम हवा आत शिरते आहे आणि कॉम्प्रेसर उगाच राबतो आहे. वाफाळते पातेले तसेच आत ठेवू नका. पण निवण्याच्या नावाखाली दुधाचे पदार्थ तासन्‌तास बाहेरही ठेवू नका. इन्व्हर्टर जातीचा कॉम्प्रेसर मंद गतीने बराच वेळ चालतो, त्याला दोष देऊ नये.

एवढे करूनही कुशी चटका देत असतील आणि आत ५ अंशांच्या खाली पारा उतरत नसेल, तर जाणकाराला बोलवावे. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होऊन यंत्र बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्यातच अडचण आहे. कमी दाबाची वीज, बिघडलेला रिले, अशी त्याची कारणे असू शकतात. प्लग किंवा वायर गरम लागली, जळका वास आला, तर मात्र थांबू नये. घरातील मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आणखी एक सावधगिरी: पुष्कळ नव्या फ्रिजमध्ये आर-६००-ए नावाचा वायू असतो. ओझोनला तो अपाय करीत नाही, पण तो ज्वालाग्राही आहे. म्हणून बर्फ सुरीने खरवडू नये आणि नळी फुटल्याचा संशय आल्यास जवळ काडी ओढू नये, बटणेही लावू-काढू नयेत. खिडक्या उघडून बाहेर यावे.

यंत्राची भाषा आपल्याला येत नाही, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. वास्तविक ते साध्या खुणांनी बोलत असते. कुशी उबदार आणि पोट गार, तर प्रकृती उत्तम. कुशी तापलेल्या आणि पोट कोमट, तर आधी वाट मोकळी करावी. कुशी गार आणि पोटही कोमट, तर वैद्याला बोलवावे. यंदा साफसफाईनंतर फ्रिज जागेवर सरकवताना भिंतीच्या अलीकडे चार बोटे थांबा, म्हणजे दिवाळीचा फराळ आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे दोन्ही सुखरूप राहतील.