साडेबारा : दिवसाचे की रात्रीचे?

घड्याळावर आकडे बारा आणि दिवसाचे तास चोवीस, त्यामुळे प्रत्येक वेळ रोज दोनदा येते. एरवी त्याने काही अडत नाही. औषधपाण्याच्या बाबतीत मात्र हा घोळ महागात पडू शकतो, म्हणून आज त्याविषयी.

सोलापूरकरांना चोवीस तासांचे घड्याळ नवे नाही. आपण त्याला 'रेल्वे टाइम' म्हणतो. तिकिटावर २२.४५ छापलेले असले तरी घरी सांगताना 'रात्री पावणेअकराची गाडी' असेच सांगतो. 'सव्वाचौदा वाजले' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे! दीड, अडीच, पावणेसहा ही आपली भाषाच बारा आकड्यांची. शिवाय पहाटे, दुपारी, सायंकाळी, रात्री असे नेमके शब्द जोडीला आहेत. (गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा तर कित्येक घरांत घड्याळावाचूनही चालत असे.) बोलताना म्हणूनच घोटाळा होत नाही. तो होतो कागदावर, कारण तिथे नेमका हा शब्दच गळतो.

एका तालुक्याच्या गावाहून दुपारी तीनच्या सुमारास एका आजोबांना आणले. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. सोबतच्या चिठ्ठीवर 'त्रास सुरू १२.३०' एवढेच. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उशीर झाल्यावर दिले तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्यापेक्षा वाढतो. साडेबारा दुपारचे असतील तर पाचपर्यंत अवधी होता. रात्रीचे असतील तर वेळ केव्हाच टळून गेली होती. बरोबर आलेला मुलगा रात्रपाळी करून सकाळी झोपलेला, त्याला काही सांगता येईना. शेवटी सूनबाईंना फोन लावला. "मामंजी जेवायला बसले होते, हातातली भाकरी गळून पडली," त्या म्हणाल्या. म्हणजे दुपारच! सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, इंजेक्शन मुदतीत देता आले. त्या चिठ्ठीवर नुसता 'दु.' असता तर फोनाफोनीत गेलेली पंधरा मिनिटे वाचली असती.

दुसरा घोटाळा वाराचा. आपल्या सोलापुरातून निघणारे दाते पंचांग घ्या किंवा दुसरे कोणतेही, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. आपल्या बोलण्यातही सोमवारची रात्र उजाडेपर्यंत सोमवारचीच असते. रेल्वेची आणि रुग्णालयाची तारीख मात्र मध्यरात्री पालटते. 'मंगळवारी १२ वाजल्यापासून काही खाऊ नका' असे ऑपरेशनपूर्वी सांगितले, तर कोणी सोमवारी रात्रीच उपाशी झोपेल, कोणी मंगळवारी दुपारपर्यंत जेवेल, तर कोणी मंगळवारची रात्र धरेल. मधुमेह्याला विनाकारण जादा बारा तास उपाशी ठेवणे किंवा भरल्या पोटी भूल देणे, दोन्ही वाईट. अशा वेळी 'सोमवारचे रात्रीचे जेवण शेवटचे' असे स्पष्ट विचारून घ्यावे. पाणी केव्हापर्यंत चालेल हेही विचारावे.

इंग्रजी 'एएम-पीएम'चे कोडे तर बाराच वाजता पडते. ही अक्षरे मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची. खुद्द मध्यान्ह यांपैकी कशातच बसत नाही. प्रघात असा, की १२ पीएम म्हणजे दुपार आणि १२ एएम म्हणजे मध्यरात्र. मोबाईलवर गोळीचा गजर लावताना पुष्कळांची इथेच गफलत होते. सेटिंगमध्ये चोवीस तासांचे घड्याळ निवडले की ही अक्षरेच जातात. आजीला १८.०० समजत नसेल तर तिच्यासाठी 'दिवेलागणीला' असे पाकिटावर लिहा, समजणे महत्त्वाचे.

रुग्णालयातील तक्त्यावर मात्र मी चोवीस तासांचाच आग्रह धरतो. आठ-आठ तासांचे औषध ६, १४, २२ असे लिहिले की पाळी बदलताना परिचारिकेला विचारावे लागत नाही. बाहेर मिळणाऱ्या चिठ्ठीवर १-०-१ असते, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची 'सकाळ' दुपारी दोनला होते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी जेवणाशी बांधलेली असल्याने अशांनी आपण केव्हा झोपतो, केव्हा जेवतो हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि चिठ्ठीवर तासच लिहून मागावेत.