मोडलेल्या चवडीचा माग

समजा, नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एखाद्या कार्यालयात मध्यरात्री लिनक्सवर चालणारा सर्व्हर बंद पडला. पडद्यावर काही आकडे उमटले आणि सारे थांबले. सकाळी आलेल्या अभियंत्यापुढे प्रश्न असतो : हे कोणी केले?

संगणकातील सर्व प्रोग्रॅमना मेमरी, वेळ आणि यंत्रसामग्री वाटून देणारा गाभा म्हणजे कर्नल. साधा प्रोग्रॅम चुकला, तर कर्नल त्याला बंद करून बाकीचे काम चालू ठेवतो. कर्नलच चुकला, तर त्याला आवरणारा कोणी नसतो.

कर्नलमधील एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. काम संपल्यावर परत कोठे जायचे, तो पत्ता प्रत्येक वेळी स्टॅकवर लिहिला जातो. स्टॅक म्हणजे जणू ताटांची चवड. शेवटी ठेवलेले प्रथम उचलायचे. या पत्त्यांच्या शेजारीच फंक्शनचा तात्पुरता मजकूरही असतो. सोळा अक्षरांच्या जागेत चाळीस अक्षरे लिहिली गेली, की जादा अक्षरे पत्त्यावर पसरतात आणि फंक्शन भलत्याच ठिकाणी परतते.

खरी अडचण पुढेच आहे. एरवी कर्नल कोसळला, तर स्टॅकवरील पत्ते उलट क्रमाने वाचून कोणी कोणाला बोलावले होते ते कळते. येथे तो दाखलाच पुसला गेलेला असतो. चोराने जाताना पहारेकऱ्याची नोंदवहीही जाळावी, तसा हा प्रकार. शिवाय नुकसान करणारे फंक्शन कित्येकदा केव्हाच निघून गेलेले असते आणि आळ निरपराध फंक्शनवर येतो.

बिघडलेल्या कर्नललाच त्याची जबानी लिहायला लावणे धोक्याचे. तो डिस्कवरील चांगली माहितीही नासवील. म्हणून लिनक्समध्ये २००५ साली ‘केडम्प’ ही सोय आली. तिच्या उभारणीत बंगळूर येथील आयबीएमच्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. मेमरीचा एक कोपरा राखून तेथे दुसरा कर्नल आधीच ठेवलेला असतो. पहिला कोसळताच दुसरा जागा होतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो.

ही फाइल वाचणे हे चिकाटीचे काम आहे. स्टॅकवरील एकेक आकडा कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये पडतो, हे पाहावे लागते. जुन्या कामांचे शिळे पत्तेही त्यांत मिसळलेले असतात. पत्त्याच्या जागी ४१ ४१ ४१ ४१ असे दिसले, तर कान टवकारावेत. सोळाच्या पायावरील मोजणीत ४१ म्हणजे इंग्रजी मोठे ‘ए’ अक्षर! तेथे पत्ता नसून कोणाचा तरी मजकूर सांडला आहे. आता त्या मजकुराचा मालक शोधायचा.

चोरी लगेच उघडकीस यावी म्हणून पत्त्याच्या आधी एक गुप्त संख्या ठेवतात. खाणीतील विषारी वायूची सूचना देणाऱ्या पक्ष्यावरून तिला ‘कॅनरी’ म्हणतात. परतताना ती बदललेली आढळली, तर कर्नल तत्काळ थांबतो. ही युक्ती १९९८ मध्ये ‘स्टॅकगार्ड’ने प्रचारात आणली.

कधी कोणी सांडत नाही, चवडच फार उंच होते. ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या संगणकांवर लिनक्सचा कर्नल-स्टॅक पूर्वी ८ किलोबाइटचा होता. तो अपुरा पडू लागल्याने २०१४ मध्ये १६ केला गेला. हा उपाय तात्पुरताच म्हणावा लागेल. २०१६ मध्ये स्टॅकच्या टोकाशी मोकळे ‘राखण-पान’ ठेवण्याची सोय झाली. आता स्टॅकने हद्द ओलांडताच कर्नल तेथेच अडतो. शेजारची मेमरी बिघडत नाही आणि पत्त्यांची रांगही शाबूत राहते.