'टाकणे' आणि 'करून टाकणे'

एस्टोनियाची सुमारे निम्मी भूमी अरण्याने व्यापलेली आहे. तेथील वनांत व रस्त्यांच्या कडेला चोरून टाकलेला सुमारे १०,००० टन कचरा ३ मे २००८ रोजी सुमारे ५०,००० स्वयंसेवकांनी एका दिवसात गोळा केला. कचऱ्याची ठिकाणे अगोदरच नकाशावर नोंदलेली होती, म्हणूनच हे साधले.

मोहिमेचे नाव 'तेमे ॲरा' असे होते. 'तेमे' म्हणजे 'करू या'. 'ॲरा' हे एरवी 'दूर' या अर्थाचे अव्यय येथे क्रियेची पूर्तता दर्शविते. मराठीत हे कार्य 'टाकणे' हे सहायक क्रियापद करते : 'करून टाकू या'.

अशा सामूहिक श्रमास एस्टोनियन भाषेत 'ताल्गुद' म्हणतात. शेतकऱ्याने शेजाऱ्यांना बोलावून काम उरकावे व त्यांना जेवू घालावे, ही त्यामागील रूढी आपल्या इर्जिकीशी जुळते. भेद इतकाच की, इर्जिकीत आज ज्याचे शेत, तो उद्या परतफेड करतो; सार्वजनिक वनाच्या बाबतीत परतफेड करणारा कोणी एक धनी नसतो. तरीही तोच शब्द तेथे योजला गेला, म्हणजे 'शेजारी' या कल्पनेत अपरिचित नागरिकही सामावला. हा अर्थविस्तार लक्षणीय होय.

तथापि 'करून टाकणे' एका दिवसाचे असते आणि कचरा 'टाकणे' नित्याचे. ती सवय पालटेपर्यंत क्रियेची पूर्तता केवळ व्याकरणातच राहील.