खांदा कॉलनी ते ताडोबा : बंदुकीविना शिकार

लांबच्या जंगलात शिकारीला जाण्याची हौस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली. आता माग काढायचा तो कॅमेऱ्यासाठी. त्यासाठी जायचं ते ताडोबाचं व्याघ्र अभयारण्य पनवेलच्या खांदा कॉलनीपासून गाडीने सुमारे ८०० किलोमीटरवर आहे.

आधी सफारीचं बुकिंग, मग रजेचा अर्ज. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतं. प्रवेशद्वार नीट बघून निवडा. मोहर्ली एका टोकाला, कोलारा दुसऱ्या. बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्र सोबत हवं. गाभ्यात मोबाइल चालत नाही.

पहाटे निघालात की कळंबोली, शिळफाटा गर्दीआधी पार होतात. भिवंडीजवळ आमणेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग लागतो. वर्ध्याजवळ उतरून जाम, वरोरामार्गे मोहर्ली.

समृद्धीवर खरी परीक्षा टायरची. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासा. हवेच्या दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. कमी हवेचा टायर वेगात जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. स्टेपनीही विसरू नका. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहूनही मेंदू पेंगतो, म्हणून दर दोन तासांनी थांबा, चालक बदला.

पहिल्या दिवशी फक्त पोहोचा. रात्रभर गाडी हाकून पहाटेच्या सफारीला बसलात, तर वाघ समोरून जाईल आणि तुम्ही जिप्सीत डुलक्या घेत असाल!